आजोबांच्या वेब्लीवरचा गंज

ताई, नमस्कार.

माझे आजोबा जंगल खात्यात होते. १९३८ साली त्यांनी वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं. पुढे ते बाबांच्या नावावर आलं आणि बाबा गेल्यावर, सगळे सोपस्कार होऊन, दोन वर्षांपूर्वी माझ्या. मला ते चालवायचं नाही, जपायचं आहे. बाबा दर दिवाळीला त्याला खोबरेल लावायचे आणि कातडी होल्स्टरमध्ये घालून गोदरेजच्या कपाटात ठेवायचे. यंदा ऑगस्टमध्ये उघडून पाहिलं तर नळीवर तांबूस ठिपके, सिलिंडरच्या खाचांत पिवळं चिकट काहीतरी, आणि मूळची काळी मूठ चॉकलेटी पडलेली. चुलतभाऊ म्हणतो, कुर्ल्याला एक जण बफिंग करून देतो, आरशासारखं होईल. युट्यूबवर कोणी व्हिनेगर सांगतं, कोणी कोकाकोला. खंडेनवमीला पूजेत मांडायचं आहे. तोवर काय करू? सोबत फोटो जोडले आहेत.

एक नातू, विलेपार्ले


नमस्कार.

कुर्ल्याला नेऊ नका. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी. चुलतभाऊ उत्साही दिसतात आणि खंडेनवमी तोंडावर आली आहे.

परवाना तुमच्या एकट्याच्या नावावर आहे. ज्याच्याकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना नाही अशा माणसाच्या हातात रिव्हॉल्व्हर देऊन ‘शनिवारी येतो न्यायला’ म्हणणं हाच शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे गुन्हा होतो, दोघांचाही. आणि बफिंगच्या चाकाखाली शिक्क्यातला नंबर पुसट झाला, तर त्याच कायद्याचं कलम ८ आडवं येतं. बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची कुठलीही खूण खोडायला किंवा बदलायला त्यात मनाई आहे. ‘पॉलिश करताना गेला हो’ हे उत्तर परवाना नूतनीकरणाच्या टेबलावर देऊन बघायची इच्छा कुणाला असेल असं वाटत नाही.

पण कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. तुमचा तिसरा फोटो मोठा करून पाहिला. चौकटीच्या डाव्या अंगाला, रिव्हॉल्व्हर उघडायच्या खटक्याच्या खाली, एक पुसट शिक्का आहे: पंख फुटलेली बंदुकीची गोळी. ती वेब्लीची खूण. नळीच्या मुळाशी मुकुटाचे बारके ठसे दिसतात, ते बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे. हे प्रूफ हाउस १८१३ पासून चालू आहे. नेहमीपेक्षा जड बार भरून तिथे शस्त्राची परीक्षा होते, आणि जे टिकतं त्यावरच ठसा बसतो. हे ठसे किती खोल असतील? नखाला जेमतेम लागतील इतके. बफिंगवाला अर्ध्या मिनिटात ते धुऊन काढेल, कडा गोल करेल, आणि तुमच्या हातात एक चकचकीत, निनावी लोखंड ठेवेल. जाणकार संग्राहक असं रिव्हॉल्व्हर हातात घेतो, एकदा फिरवून पाहतो आणि काही न बोलता खाली ठेवतो.

आता तो काळसर निळा रंग. तो खरं तर लावलेला रंग नाहीच. पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला तो लोखंडाचाच एक ऑक्साइड आहे, मॅग्नेटाइट नावाचा. म्हणजे तांबड्या गंजाचाच भाऊ, फक्त हा घर धरून बसणारा आणि तो घर पोखरणारा. या थराला ब्लूइंग म्हणतात आणि तो केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. व्हिनेगरमधलं अॅसिटिक आम्ल किंवा कोलातलं फॉस्फरिक आम्ल या दोन भावांत फरक करत नाही. गंज जातो, हे व्हिडिओत खरं दाखवतात. सोबत ब्लूइंग गेलं आणि खाली राखाडी उघडं पोलाद राहिलं, हे दाखवायच्या आत व्हिडिओ संपतो. चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो, पॉलिश पेपर, भांडी घासायची तारेची घासणी, सगळ्यांना हेच लागू.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. चोविसाव्या वर्षी मी माझ्या आजीचा अडकित्ता घासला होता. पोलादी होता, पात्यांवर चांदीच्या तारेची वेलबुट्टी. काळवंडला होता म्हणून लिंबू आणि भांड्यांची पावडर घेऊन बसले आणि तासाभरात तो अगदी लख्ख केला. वेलबुट्टी कुठे गेली ते मोरीच्या जाळीला माहीत. तशा कामात चांदी पोलादावरच्या बारीक ओरखड्यांत नुसती ठोकून बसवलेली असते, हे मला पुढे शिक्षण घेताना कळलं. आजी काही बोलली नाही, सुपारी मात्र त्यानंतर ती दुसऱ्या अडकित्त्याने कातरायची.

तेव्हा तुमच्या रिव्हॉल्व्हरचं काम एवढंच: जो गंज आज पुढे सरकतो आहे तो थांबवायचा. जे झिजलं आहे, जे ऐंशी वर्षांत आजोबांच्या आणि बाबांच्या हाताने करडं पडलं आहे, ते तसंच ठेवायचं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात एकदा जाऊन या. जुनं पोलाद जपलेलं असतं तेव्हा ते मंद, गडद दिसतं. आरशासारखं नसतं.

गंज आला कुठून, तेही बघा, नाहीतर पुढच्या ऑगस्टला पुन्हा पत्र लिहाल. दोषी दोन आहेत आणि दोन्ही बाबांनी प्रेमाने केलेल्या गोष्टी आहेत. पहिलं खोबरेल. जानेवारीत ते बाटलीत थिजतं, तसंच सिलिंडरच्या खाचेतही थिजतं. वर्षानुवर्षं साचलं की खवट होतं आणि खवट होणं म्हणजे त्यात मुक्त आम्लं तयार होणं. तुमचं पिवळं चिकट काहीतरी ते हेच. दुसरं होल्स्टर. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात शिल्लक राहतात, आणि पावसाळ्यात ते स्पंजासारखं ओल पितं. नळीवरचे ठिपके होल्स्टरच्या शिवणीच्या रेषेत आलेत का, ते पडताळून पाहा. बहुधा आलेच असतील. त्यात पार्ल्याची हवा: जून ते सप्टेंबर सापेक्ष आर्द्रता ऐंशीच्या वर, शिवाय समुद्राकडून येणारं मीठ. साठ-पासष्ट टक्क्यांच्या पुढे हवा गेली की उघडं पोलाद गंजायला लागतं. मीठ किंवा घामाचा ठसा असेल तर त्याआधीच. बोटाचा ठसा पावसाळ्यात चार दिवसांत तांबडा होऊन उमटलेला मी पाहिला आहे, रेघांसकट.

आता कामाला लागू. रविवारची सकाळ घ्या, मुलं आजूबाजूला नसताना. टेबलावर जुनी चादर अंथरा, वर्तमानपत्र नको. हातात नायट्राइलचे मोजे घाला. सुती मोजे तेल पितात आणि पकडीला निसरडे होतात. आणि सगळ्यात आधी, नळी भिंतीकडे ठेवून, चापाला बोट न लावता, घोड्याच्या डावीकडचा खटका अंगठ्याने दाबून रिव्हॉल्व्हर उघडा. (मुंबईत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणायची रीत आहे, पण घोडा म्हणजे मागून पुढे आपटतो तो भाग.) या वेब्ली मधोमध दुमडतात, नळी खाली झुकते आणि सिलिंडरमधून चांदणीच्या आकाराची पट्टी वर येते. सहाही घरं डोळ्यांनी पाहा, मग करंगळीने चाचपून पाहा. दरवेळी. काल पाहिलं होतं हे चालत नाही. बाबांच्या ड्रॉवरमध्ये जुनी काडतुसं सापडली तर त्यांना तेल लावू नका, घासू नका, कचऱ्यात तर मुळीच टाकू नका. परवाना सोबत घेऊन परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिस ठाण्यात जमा करा.

आधी खोबरेल काढायचं. हार्डवेअरच्या दुकानात ‘एमटीओ’ म्हणून मिनरल टर्पेंटाइन मिळतं, रंगात मिसळायला नेतात तेच. खिडकी उघडी ठेवा, देवघरातला दिवा विझलेला असू दे. जुन्या धोतराचं किंवा मऊ सुती साडीचं, खळ नसलेलं फडकं त्यात ओलसर करून पुसत जा. खाचांसाठी मऊ टूथब्रश, आणि अगदी कोपऱ्यांसाठी टोकाला कापूस गुंडाळलेली बांबूची काडी. पिवळा राप निघायला वेळ लागेल. घाई करून लोखंडी टोच्या वापरू नका. मुठीला मात्र टर्पेंटाइन लागू देऊ नका, तिचं वेगळं सांगते.

आता नळीवरचे ठिपके. पांढऱ्या फडक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब घ्या आणि ठिपक्यावर हलकेच फिरवा. फडक्यावर विटकरी रंग आला तर गंज चालू आहे. काहीच आलं नाही आणि डाग गुळगुळीत, गडद तपकिरी आहे, तर तो जुना, निवलेला. त्याला हात लावायचं कारण नाही. ज्या ठिपक्यांनी रंग दिला त्यांच्यावर तेलाचा भरपूर थेंब ठेवा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी ते तेल कॉफीसारखं झालेलं दिसेल. पुसा, पुन्हा थेंब ठेवा. दोन-तीन दिवस हेच. बरेचसे ठिपके इथेच सुटतात.

जे उरतील त्यांच्यासाठी घरातला जुना डबा उघडा आणि भोकाचा पैसा शोधा. १९४३ ते ४७ च्या दरम्यान पाडलेला तो पैसा ब्राँझचा आहे, पोलादापेक्षा मऊ. त्याची कड ठिपक्यावर जवळजवळ आडवी धरायची, तेलात बुडवून, आणि दाढी करताना वस्तरा धरतात तशा हाताने पुढे ढकलायची. गंजाची खपली कडेशी गोळा होते, पोलादाला ओरखडा जात नाही. पैशाचा पिवळसर माग राहिला तर तेलाच्या फडक्याने निघतो. खपली गेल्यावर खाली छोटा खड्डा दिसेल. तो राहणार. त्याला भरायला जाऊ नका, भोवतालचं घासून त्याच्या पातळीला आणायला तर नकोच. आणि भोकाच्या पैशाऐवजी स्टीलचा रुपया चालेल का असं कुणी तरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते: नाही.

नळीच्या आतून सुती फडक्याची चिंधी लाकडी काडीने ओढून काढा, आधी कोरडी, मग तेलाची, मग पुन्हा कोरडी. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. उडाल्यावर त्याचा क्षार नळीत राहतो आणि मिठासारखी ओल धरतो. आजोबांनी १९५० मध्ये झाडलेल्या गोळीचा क्षार अजून तिथे बसलेला असू शकतो. चिंधी तांबडी येत राहिली तर आठवड्याने पुन्हा करा.

स्क्रू उघडायचे नाहीत. एक अपवाद, मुठीचा. मुठीखाली घाम आणि गंज हमखास साचतो, म्हणून ती काढता आली तर बरं. पण आपल्या घरातल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं उतरतं असतं. ते खाचेतून निसटतं आणि स्क्रूचं डोकं कुरतडतं. टोकाच्या दोन्ही बाजू समांतर असलेला, खाचेत लांबीला आणि जाडीला घट्ट बसणारा मिळाला तरच प्रयत्न करा. नसेल तर मूठ राहू दे जागेवर. आतली यंत्रणा उघडणं हे परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याचं काम आहे. आणि रिकामा चाप ओढून ‘टक’ आवाज ऐकायचा मोह आवरा. जुन्या पोलादाचं घोड्याचं टोक तुटलं तर त्याची जोडी कुठल्याच दुकानात मिळायची नाही.

मूठ चॉकलेटी पडली म्हणजे ती लाकडी किंवा प्लास्टिकची नाही, व्हल्कनाइटची आहे. गंधक घालून कडक केलेलं रबर. उजेडाने त्यातलं गंधक पृष्ठभागावर येतं, हवेतल्या ओलीशी मिळून त्याचं आम्ल होतं आणि काळ्याचं तपकिरी होतं. पाण्याने आणि साबणाने ते वाढतं, तेलाने ते चिकट होतं, आणि बूट पॉलिशने काळी करायची कल्पना, जी तुम्हाला कुणी तरी देणारच आहे, ती तर विसराच. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका आणि पुढे अंधारात ठेवा. तपकिरी झालेली मूठ आता तपकिरीच. मला स्वतःला तो रंग आवडतो. एक लक्षात ठेवा, चांदीची वस्तू तिच्यासोबत एका डब्यात ठेवू नका. गंधकाने ती काळी पडेल.

शेवटचा थर. आतल्या हलत्या भागांना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, सुईच्या टोकाने. बाहेरून मात्र तेल नको, मेण. तेल उतरतं, धूळ धरतं, फडक्याला लागतं. संग्रहालयांत मायक्रोक्रिस्टलाइन मेण वापरतात. रेनेसाँ वॅक्स नावाने मिळतं, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं. महाग आहे, पण एक डबी तुम्हाला दहा वर्षं पुरेल. पृष्ठभाग टर्पेंटाइनने पुसून पूर्ण कोरडा करा, वाटाण्याएवढं मेण बोटावरच्या फडक्यावर घ्या, अख्ख्या नळीला तेवढंच. लगेच कोरड्या फडक्याने पुसा. दुसऱ्या दिवशी आणखी एक हात. डब्ल्यूडी-४० घरात आहे म्हणून तेच मारायचं, असं करू नका. ते पाणी हुसकावतं, पण टिकणारं संरक्षण देत नाही.

ठेवायचं कुठे? होल्स्टर वेगळं, कपाटाच्या दुसऱ्या खणात, आत आम्लमुक्त कागद भरून, म्हणजे आकार राहील. रिव्हॉल्व्हर त्याच कागदात सैल गुंडाळून, रबरी कड असलेल्या हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. नारिंगी दाण्यांचं घ्या. ओल प्यायले की ते हिरवट होतात. निळं गुलाबी होणारं मिळेल, पण त्यात कोबाल्टचा क्षार असतो, घरात नको. दाणे ११०-१२० अंशांवर तापवले की पुन्हा कामाला येतात. त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका. दोनशे-तीनशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक डब्यात टाका आणि काटा पन्नासच्या खाली ठेवा. डबा कुलूपबंद तिजोरीत, आणि तिजोरी बाथरूमच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली नको. डांबरगोळ्या नकोत. नुसती प्लास्टिकची पिशवी नको, आतली ओल आतच राहते. मे महिन्याच्या मध्यात एकदा मेण, ऑगस्टमध्ये एकदा डब्बा उघडून नजर, दसऱ्यानंतर पुन्हा मेण. एवढंच वेळापत्रक.

निवडणुका लागल्या की शस्त्र जमा करायची नोटीस येते. २०२४ मध्ये तर लोकसभा आणि विधानसभा अशा दोन झाल्या. जमा करताना ते तुमच्या डब्यात नसणार, दोन-अडीच महिने कुठल्या तरी लोखंडी कपाटात असणार. म्हणून नोटीस आल्याच्या रात्री मेणाचा एक जादा हात द्या, होल्स्टर घरीच ठेवा, सगळ्या बाजूंनी आणि नंबरचा जवळून फोटो काढा, आणि परत आणल्यावर त्याच दिवशी पुसा, दुसऱ्या दिवशी नाही.

हे वाचून आणखी काही जण माळ्यावरची बोचकी सोडतील, त्यांच्यासाठी दोन ओळी. ‘शंभर वर्षं जुनं आहे, त्याला परवाना लागत नाही’ हे चोर बाजारात ऐकलेलं वाक्य खरं नाही. कलम ४५ ची सूट पुराण्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे, पण दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून चालूच शकणार नाही, तेव्हाच. ते तुम्ही ठरवायचं नसतं. परवाना नसलेलं शस्त्र घरात सापडलं तर आधी ते घासायला घेऊ नका, वकिलाशी बोला आणि पोलिस ठाण्यात कळवा. वारसाने परवाना मिळवायची तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्या धरून.

आता खंडेनवमी. पूजा जरूर करा. मेणाचे दोन्ही हात तोवर होऊन जातील. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री करून उघड्या डब्यातच, कागदावर ठेवा आणि पाटावर डबा मांडा. ओलं हळद-कुंकू पोलादावर नको. शिक्क्यांच्या खाचांत ते बसलं की ओल धरून ठेवतं. डब्याच्या झाकणाला लावा. अक्षता कोरड्या वाहा. झेंडू डब्याबाहेर, ओल्या देठांसकट अजिबात आत नको. आजोबांचं म्हणून होल्स्टरही शेजारी मांडावंसं वाटलं तर मांडा, फक्त आरती झाली की दोघांना पुन्हा आपापल्या खणात पाठवा. आणि पाटावर कुणी रिव्हॉल्व्हरला हात लावून नमस्कार केला, तर पाहुणे गेल्यावर झोपायच्या आधी ती बोटं फडक्याने पुसून टाका.